साखर, नत्र आणि स्फुरद

सोलापूर-धुळे महामार्गावर, येरमाळा आणि वाशी यांच्या टापूत, तेरखेडा हे गाव आहे. तेरणा नदी उगम पावते ती ह्याच परिसरात, बालाघाटाच्या डोंगरांत. पण पंचक्रोशीत तेरखेड्याचे नाव निघते ते नदीमुळे नव्हे, फटाक्यांमुळे. दिवाळीआधी धाराशिव, बीड, लातूरकडचे किरकोळ विक्रेते इथे माल भरायला येतात. गावात सोरा, गंधक आणि कोळसा हे तीन शब्द मीठ-मिरचीइतके सहज बोलले जातात.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला मराठी शिकवणे ही आमच्या नोकरीतली दुय्यम समजली जाणारी, पण आम्हांला मनापासून आवडणारी कामगिरी. अशाच एका वर्गात तेरखेड्याच्या एका मुलाने तास संपल्यावर वही पुढे केली. त्याचे वडील फटाक्यांच्या कारखान्यात कामाला होते. जीवशास्त्राच्या तासाला फळ्यावरून उतरवलेली आकृती होती: एक पंचकोन, त्याला एका बाजूने एक गोल आणि दुसऱ्या बाजूने एक षट्कोन. खाली इंग्रजीत नाव. ‘‘सर, न्यूक्लिओटाइडला मराठीत काय म्हणायचं?’’

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाचा अकरावीत अचानक इंग्रजी परिभाषेशी सामना होतो, तेव्हा तो भाषेच्या शिक्षकाकडे असा प्रश्न घेऊन येतो. त्यामागची खरी तक्रार शब्दाची नसते. ‘हे माझ्या ओळखीचे नाही’ एवढेच त्याला सांगायचे असते. आम्ही त्याला म्हणालो, नाव राहू दे, त्याचे तीन भाग बघू. पंचकोन म्हणजे साखर. गोल म्हणजे फॉस्फेट. तुझ्या शेतातल्या खताच्या पोत्यावर त्यातल्या मूलद्रव्याचे नाव ‘स्फुरद’ असे छापलेले असते. आणि षट्कोनात आहे तो नत्र, पोत्यावरचा पहिला आकडा. मुलगा हसला. ‘‘म्हणजे सगळं घरातलंच की!’’

त्या हसण्याने आम्ही नादाला लागलो. आमचे रसायनशास्त्र दहावीत सुटलेले. तेव्हा सहकाऱ्यांना प्रश्न विचारत आणि ग्रंथालयात बसून ह्या रेणूचा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की हा इतिहास आमच्याच धंद्याचा आहे. पाठ्यपुस्तके एकमेकांवरून कशी उतरवली जातात, आणि उतरवलेली चूक किती वर्षे पक्की राहते, ह्याचा.

सुरुवात नावांपासून करतो, कारण ती आमची खोड आहे. 1869 साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस वैद्य शस्त्रक्रियेच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पेशी गोळा करीत होता. पेशींच्या केंद्रकातून त्याला एक पदार्थ मिळाला. तो प्रथिनासारखा नव्हता आणि त्यात स्फुरद भरपूर होता. त्याने त्यास ‘न्यूक्लीन’ म्हटले. त्याचे गुरू होप्पे-झायलर ह्यांनी सारे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मगच, 1871 साली, शिष्याचा निबंध छापला. 1889 मध्ये रिखार्ड आल्टमान ह्यांनी ह्या पदार्थाच्या प्रथिनविरहित भागाला न्यूक्लिइक आम्ल असे नाव दिले.

ह्या आम्लाचे जे नत्रयुक्त घटक आहेत त्यांची नावे म्हणजे ते कुठे सापडले ह्याचा दाखला. ग्वानीन 1844 साली सापडले ते ग्वानोत, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेत. त्या काळी ग्वानो हे युरोपातल्या शेतीचे खत होते; नत्रासाठी त्याची गलबतेच्या गलबते पेरूच्या किनाऱ्यावरून जात. ॲडेनीन हे अल्ब्रेख्त कोसेल ह्यांनी 1885 साली बैलाच्या स्वादुपिंडातून मिळवले; ग्रीक भाषेत ग्रंथीला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. थायमीन आले वासराच्या थायमस ग्रंथीतून. सायटोसीनच्या नावात तर पेशीचाच ग्रीक शब्द आहे. साखरेची कथा अधिक गमतीची. बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकापासून जी साखर मिळते ती अरॅबिनोज. तिच्यासारखीच पण अणूंच्या मांडणीत किंचित वेगळी साखर एमिल फिशर ह्यांनी 1891 साली तयार केली आणि अरॅबिनोजचीच अक्षरे उलटसुलट करून तिला रायबोज म्हटले. अक्षरांची जुळणी बदलून नवा शब्द करणारा हा रसायनशास्त्रज्ञ आम्हांला फार जवळचा वाटला.

मराठीने ह्या नावांचे भाषांतर केले नाही ते योग्यच झाले. पण ‘बेस’ ह्या शब्दाने घोळ घातला आहे. आपल्या शालेय परिभाषेत त्यास आम्लारी म्हणतात. मग विद्यार्थी विचारतो की आम्लारींनी बनलेला पदार्थ आम्ल कसा? उत्तर असे की षट्कोनी घटकांत आम्लारीचा गुण आहे खरा, परंतु संबंध रेणूचे आम्लत्व येते स्फुरदाकडून. फॉस्फेटवरचा हायड्रोजन पाण्यात सुटून जातो आणि मागे ऋणभार राहतो. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी; थोर माणसेही ती विसरली आहेत.

आता रचना. हे भाग एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे शोधण्यात जवळजवळ अर्धे शतक गेले, आणि त्यातले सर्वाधिक कष्ट एका माणसाचे आहेत. फीबस लेव्हिन हे रशियात जन्मलेले ज्यू वैद्य. 1905 पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होते. 1909 साली त्यांनी यीस्टमधील न्यूक्लिइक आम्लातील साखर ही रायबोज असल्याचे दाखवले. वासराच्या थायमसमधील आम्लात एक ऑक्सिजन कमी असलेली साखर आहे, ती डीऑक्सिरायबोज, हे कळायला आणखी वीस वर्षे लागली. फॉस्फेट, साखर आणि आम्लारी ह्या क्रमाने जोडलेल्या एककाला न्यूक्लिओटाइड हे नाव दिले तेही त्यांच्याच वर्तुळाने. हा क्रम बरोबर होता आणि आजही तोच शिकवला जातो.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. चारही आम्लारी साधारण सारख्या प्रमाणात आहेत असे तेव्हाच्या ढोबळ मोजमापांत दिसले. लेव्हिन ह्यांनी अनुमान काढले की चार न्यूक्लिओटाइडांचा एक ठरलेला गट असावा आणि तोच पुनःपुन्हा येत असावा. ह्यास चतुर्न्यूक्लिओटाइड सिद्धान्त म्हणतात. एकच ओळ अखंड म्हणत राहणाऱ्या कवितेत काय अर्थ साठवणार? म्हणून आनुवंशिकतेचे वाहक प्रथिनेच असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले. अनुमान होते ते पाठ्यपुस्तकात गेले, आणि पाठ्यपुस्तकात गेलेले अनुमान पुढच्या पिढीला वस्तुस्थिती वाटू लागते. लेव्हिन 1940 मध्ये वारले. चारच वर्षांनी, त्यांच्याच संस्थेत, एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी ह्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंत डीएनएच आनुवंशिक गुण बदलतो हे सिद्ध केले, तरी अनेकांना ते पटेना.

लेव्हिन ह्यांना खलनायक ठरवण्याची एक पद्धत विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासांत रूढ आहे. आम्हांला ती अन्यायाची वाटते. घटक ओळखून त्यांचा क्रम लावला तो त्यांनीच. मोजमापे अपुरी होती तेव्हा अपुऱ्या मोजमापांवरून त्यांनी अंदाज केला. तो तपासून पाहण्याचे काम इतरांचे होते. ते केले अर्विन चारगाफ ह्यांनी. एव्हरींचा निबंध वाचून त्यांनी प्रयोगशाळेतील इतर कामे बाजूला सारली, कागदी वर्णलेखनाने एकेक आम्लारी वेगळा केला आणि 1950 साली जाहीर केले की चौघे समप्रमाणात नाहीत. निरनिराळ्या प्राण्यांत प्रमाण निरनिराळे असते. मात्र ॲडेनीन जितके तितकेच थायमीन, आणि ग्वानीन जितके तितकेच सायटोसीन.

न्यूक्लिओटाइडे एकमेकांना नेमकी कुठे जोडलेली आहेत ह्याचा निकाल केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड ह्यांच्या प्रयोगशाळेत लागला. टॉड ह्यांचे काम फारसे कुणी सांगत नाही, कारण त्यात नाट्य नाही; आहे ती केवळ चिकाटी. रेणू तोडून अंदाज करण्याऐवजी त्यांनी तो बांधून दाखवला. 1952 साली डॅनियल ब्राऊन ह्यांच्यासह त्यांनी मांडले की एका साखरेचा तिसरा कार्बन आणि पुढच्या साखरेचा पाचवा कार्बन ह्यांमध्ये फॉस्फेटचा दुवा असतो. त्यामुळे साखळीला दिशा मिळते. देवनागरी जशी डावीकडून उजवीकडे वाचावी लागते तसेच हे. 1957 चे रसायनशास्त्राचे नोबेल टॉड ह्यांना मिळाले.

ह्याच प्रयोगशाळेत 1950 ते 1952 ह्या काळात एक भारतीय तरुण काम करीत होता. मुलतान जिल्ह्यातील रायपूर नावाच्या खेड्यातला, पटवाऱ्याचा मुलगा. पटवारी म्हणजे आपल्याकडचा तलाठी. हरगोविंद खुराना हे त्याचे नाव. न्यूक्लिओटाइडे हव्या त्या क्रमाने जोडण्याची कला खुरानांनी पुढे कॅनडा आणि अमेरिकेत सिद्धीस नेली. त्यातून जनुकीय संकेत उलगडला, 1968 चे नोबेल मिळाले आणि काही वर्षांतच प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम जनुक बांधला गेला. आणखी एक नाव ह्याच्या आधीचे आहे. आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. सायरस फिस्क ह्यांच्यासह त्यांनी हार्वर्डमध्ये 1929 साली स्नायूंत एटीपी हा रेणू शोधला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान ह्यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. एटीपी हेही न्यूक्लिओटाइडच, फक्त शेपटीला एकाऐवजी तीन फॉस्फेटे. आपण हात उचलतो, पापणी मिटतो, ते ह्या शेपटीतला दुवा तुटल्यावर मोकळ्या होणाऱ्या शक्तीवर.

आता तो प्रसंग, ज्यासाठी आम्ही हे लिहायला घेतले.

1953 च्या आरंभी दुवे ठाऊक होते, प्रमाणे ठाऊक होती, आणि रोझलिंड फ्रँकलिन ह्यांनी लंडनमध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांवरून रेणू मळसूत्री असावा हेही दिसत होते. फॉस्फेटे बाहेरच्या अंगाला असली पाहिजेत, असे फ्रँकलिन 1951 पासून सांगत होत्या. तरीही फेब्रुवारी 1953 मध्ये लायनस पॉलिंग ह्यांनी तीन साखळ्यांची जी रचना प्रसिद्ध केली तीत फॉस्फेटे मध्यभागी कोंबलेली होती, आणि एकमेकांना ढकलू नयेत म्हणून प्रत्येकावर हायड्रोजन बसवलेला होता. म्हणजे पॉलिंग ह्यांचे न्यूक्लिइक आम्ल हे आम्लच उरले नव्हते. रासायनिक बंधावरचा त्या शतकातला सर्वांत गाजलेला ग्रंथ ज्यांनी लिहिला, त्यांची ही चूक.

केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे जुळवीत बसले होते. आम्लारी आतल्या बाजूस कसे बसतात ते त्यांना पाहायचे होते. त्यांनी आकार घेतले होते ते पाठ्यपुस्तकातून. पुस्तकांत ग्वानीन आणि थायमीन ह्यांच्या आकृतीत एक हायड्रोजन ऑक्सिजनवर काढलेला असे. हाच हायड्रोजन शेजारच्या नत्रावरही बसू शकतो. एका रेणूची ही दोन रूपे. कोणते रूप खरे ह्याचा फारसा विचार न करता एकाचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने पहिलेच रूप छापले होते. त्या आकारांवरून वॉटसन ह्यांनी सारख्यास सारखा जोडला: ॲडेनीनशी ॲडेनीन, ग्वानीनशी ग्वानीन.

त्याच खोलीत जेरी डोनह्यू नावाचे अमेरिकी स्फटिकशास्त्रज्ञ बसत. पॉलिंग ह्यांच्याकडे हायड्रोजन बंधांवर काम करून आलेले. त्यांनी पाहताच सांगितले की पुस्तकातील रूपे चुकीची आहेत, हायड्रोजन नत्रावर हवा. पुस्तकांना त्या रूपासाठी आधार नव्हता. केंब्रिजमध्येच जून ब्रूमहेड ह्यांनी काही वर्षांपूर्वी केलेला ॲडेनीन-ग्वानीनच्या स्फटिकांचा अभ्यास मात्र उपलब्ध होता. वॉटसन ह्यांनी नवे पुठ्ठे कापले. 28 फेब्रुवारी 1953 च्या सकाळी ॲडेनीन-थायमीन आणि ग्वानीन-सायटोसीन ह्या दोन जोड्या हुबेहूब एका मापाच्या निघाल्या. चारगाफ ह्यांचे कोडे सुटले. 25 एप्रिलच्या ‘नेचर’मधील त्या छोट्या निबंधाच्या अखेरीस डोनह्यू ह्यांचे आभार आहेत, पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांचे नाव सहसा येत नाही.

हे वाचले तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. एका जुन्या मार्गदर्शिकेतून घेतलेला, एका ग्रंथाच्या प्रथमावृत्तीचा चुकीचा सन आम्ही सलग नऊ वर्षे वर्गात सांगितला होता. मूळ प्रत ग्रंथालयातच होती, कपाटात. एका विद्यार्थिनीने ती उघडून पान दाखवले तेव्हा कळले. आमच्या चुकीने कुणाचे अडले नाही, एवढाच फरक.

हायड्रोजन बंधांचा अंदाज सर्वांआधी आला होता तो नॉटिंगहॅमच्या मेसन गलंड ह्यांच्या गटाला. डीएनएच्या द्रावणात आम्ल किंवा अल्क मिसळत गेल्यावर त्यांना दिसले की एका मर्यादेपर्यंत आम्लारी प्रतिसादच देत नाहीत आणि मग एकदम मोकळे होतात. म्हणजे ते आधी एकमेकांना बांधलेले असले पाहिजेत. हे 1947 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गॉसविक येथील रेल्वे अपघातात गलंड गेले आणि तो गट विखुरला.

हे बंध मोठे नाजूक. साखर आणि फॉस्फेट ह्यांना जोडणारा सहसंयुज बंध तोडायला जी शक्ती लागते तिच्या दहाव्या भागाइतकीही एका हायड्रोजन बंधाला लागत नाही. म्हणून डीएनएचे पाणी उकळीच्या जवळ, 95 अंशांपर्यंत तापवले की दोन साखळ्या अलग होतात, पण एकही साखळी तुटत नाही. थंड केले की पुन्हा जुळतात. कोरोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेली पीसीआर तपासणी ह्याच गुणावर चालते. जोडी टिकवण्यात हायड्रोजन बंधांइतकाच, किंबहुना अधिक वाटा असतो तो आम्लारींच्या रचणीचा. हे चपटे रेणू दुरडीतल्या भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसतात, दोहोंत 3.4 अँगस्ट्रॉमचे अंतर ठेवून, आणि मधले पाणी बाहेर राहते.

इथे तेरखेड्याच्या मुलाचा दुसरा प्रश्न आठवतो. सोऱ्यातही नत्रच ना, मग तो फुटतो आणि हा का फुटत नाही? प्रश्न उत्तम होता. सोऱ्यात नत्राभोवती तीन ऑक्सिजन असतात. ठिणगी पडली की ते ऑक्सिजन कोळशाकडे आणि गंधकाकडे जातात. नत्राचे अणू दोन-दोन मिळून वायू होतात. नत्राच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका घट्ट असतो की तो जुळताना फार मोठी उष्णता बाहेर पडते, आणि एकाएकी फुगलेले वायू कागदाचे वेष्टण फाडतात. आम्लारीतला नत्र कार्बनच्या कड्यात गुंफलेला असतो. कड्यातले इलेक्ट्रॉन कुणा एका बंधाचे नसतात, साऱ्या कड्याचे असतात. त्यामुळे कडे स्वस्थ राहते. ऑक्सिजनचा साठाही त्याच्या अंगावर नसतो. मुलाने हे ऐकून घेतले आणि म्हणाला, वडिलांना सांगतो.

त्याच्या वहीत ग्वानीन आणि सायटोसीन ह्यांमध्ये दोनच रेघा होत्या, फळ्यावरून उतरवताना एक राहिली असावी. हीच चूक मूळ निबंधातही आहे. वॉटसन आणि क्रिक ह्यांनी दोन्ही जोड्यांत दोन-दोनच बंध धरले होते. ग्वानीन-सायटोसीनमध्ये तिसरा बंध आहे हे 1956 साली पॉलिंग आणि कोरी ह्यांनी दाखवले. 1953 ला हरलेल्या पॉलिंग ह्यांनीच.

महाराष्ट्रात हा विषय वेगळ्या अंगाने पुढे गेला. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे ह्यांच्या गटाने 1990 च्या दशकात आम्लारींभोवतीचे विद्युत्‌क्षेत्र संगणकावर मोजून, पाण्याचे रेणू त्यांना कुठे चिकटतील हे पाहिले. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार ह्यांनी हाती घेतला तो प्रश्न असा: साखर आणि स्फुरद काढूनच टाकले तर? कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी 1991 साली तसा रेणू केला होता. त्यात आम्लारी तेच, पण कणा प्रथिनासारखा. कण्यावर ऋणभार नसल्यामुळे तो डीएनएला अधिकच घट्ट बिलगतो. पण त्याला दिशेची जाण कमी, आणि पाण्यात तो नीट विरघळत नाही. पुण्यातील गटांनी त्या कण्यात कडी घालून, डावा-उजवा भेद आणून ह्या अडचणींवर बरीच वर्षे काम केले.

मग निसर्गाने स्फुरदच का निवडला? 1987 साली फ्रँक वेस्टहायमर ह्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ह्यावर एक निबंध लिहिला. फॉस्फेट दोन साखरांना जोडूनही एक ऋणभार शिल्लक ठेवते. त्या भारामुळे रेणू पेशीच्या पटलाबाहेर निसटत नाही, आणि पाण्याचे रेणूही दुवा तोडायला सहजी जवळ येत नाहीत. ज्या भाराची पॉलिंग ह्यांना अडचण वाटली, तोच भार हे सारे सांभाळतो. रायबोजमध्ये मात्र जो एक ऑक्सिजन जास्तीचा आहे तो शेजारच्या दुव्यावर आतून घाव घालतो, म्हणून आरएनए लवकर तुटतो आणि डीएनए टिकतो. लेव्हिन ह्यांना ज्या एका ऑक्सिजनचा फरक ओळखायला वीस वर्षे लागली, तो हाच.